केरसुणी बाजूला ठेवा: मराठवाड्यातल्या समस्त पॉटरी स्टुडिओवाल्यांना खुलं पत्र

राम राम मंडळी,

हे पत्र संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव, जिथं कुठं मातीकामाचे क्लास चालतात त्या सगळ्या स्टुडिओवाल्यांना, वीकेंड वर्कशॉपवाल्यांना, आणि उन्हाळ्यात नाहीतर गणपतीच्या आधी लेकरांना माती घेऊन बसवणाऱ्या शाळांना आहे. मी तुमच्यातलाच एक. तेरच्या जवळ आमचं गाव, घरात कुंभारकी, आणि गेली अकरा वर्षं संभाजीनगरात भाड्याच्या जागेत स्टुडिओ चालवतोय. त्यामुळं कोणी म्हणू नका की बाहेरचा येऊन शहाणपणा शिकवायलाय. विषय आहे आपल्या स्टुडिओतली कोरडी धूळ, अन् ती उडवणारं कोरडं झाडणं.

झालं असं की मागच्या आठवड्यात एक रील बघितली. कुठल्या स्टुडिओची ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण तशी रील आपण सगळ्यांनीच कधी ना कधी काढलेली आहे, माझ्या फोनमध्येपण दोन सापडतील. संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलंय, एक पोरगी वाळलेल्या मातीचे हात एकमेकांवर झटकते, धुळीचा ढग उठतो, उन्हात ते कण चांदीसारखे चमकतात, स्लो मोशन, मागं बासरी. खाली बदामच बदाम. मी ती तीनदा बघितली आणि तिसऱ्यांदा बघताना माझं लक्ष मागच्या कोपऱ्यात गेलं. तिथं एक बाई वाकून झाडत होती. नाकाला पदर.

मला त्या बाईबद्दल बोलायचंय.

स्टुडिओत धोका कशाचा असं कोणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं भट्टी. भाजेल, शॉक बसेल, सिलेंडर उडेल. दुसरं उत्तर ग्लेजची, म्हणजे भांड्यावर काचेसारखा थर चढवतो त्याची केमिकलं. ही दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत, त्यावर येतो पुढं. पण अकरा वर्षांत एकानंही मला "केरसुणी" असं उत्तर दिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिली सहा वर्षं मलाही ते माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणण्यापेक्षा, कुठंतरी वाचलेलं होतं अन् डोळ्यावर कातडं ओढून घेतलं होतं.

आपल्या मातीत गार असते. गार म्हणजे गारगोटी, लहानपणी दोन घासून ठिणगी पाडायचो ना, तीच. पोत्यावर तिचं नाव क्वार्ट्झ, डॉक्टरच्या तोंडी सिलिका. गावच्या तळ्याच्या मातीतही ती थोडीफार असतेच. पण स्टोनवेअरसाठी, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या पक्क्या भांड्यांसाठी, आपण जे पोत्यानं मागवतो, बिकानेरकडची बॉल क्ले, राजस्थानची फेल्स्पार, आणि ज्याच्यावर सरळ सरळ क्वार्ट्झ पावडर ३०० मेश असं छापलेलं असतं ते पोतं, त्यात ती असतेच, आणि हे शेवटचं पोतं म्हणजे तर गारगोटीचं दळून आणलेलं पीठच झालं. ३०० मेशच्या चाळणीतून पडणारा मोठ्यात मोठा कण साधारण ५० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), आपला केस ७०-८० चा. पण घात करणारे कण ह्याहूनही लै बारीक, चार-पाच मायक्रॉनच्या आतले. ते डोळ्याला दिसतच नाहीत. रीलमध्ये जे चमकतं ते जाड, ते नाकात अडकतं, शेंबडातून बाहेर पडतं, नाहीतर थोड्या वेळात जमिनीवर बसतं. बारीक मात्र तासनतास हवेत तरंगत राहतं. म्हणजे सातला झाडून घेतलं अन् आठच्या बॅचची पोरं चकचकीत फरशीवर येऊन बसली, तर फरशी स्वच्छ आहे, हवा नाही.

पुढं काय होतं ते मला एका छातीच्या डॉक्टरांनी कागदावर गोल गोल काढून समजावलं होतं. फुफ्फुसात आलेला कचरा गिळायला तिथं स्वतःच्या पेशी असतात, सफाई कामगारच म्हणा. ती पेशी गारेचा कण गिळते, कण काही विरघळत नाही, उलट पेशीच मरते अन् कण परत मोकळा. मग दुसरी येते, तीपण मरते. हे जिथं चालतं तिथं जखमेवर वण धरावा तसा आतून वण धरत जातो, आणि वण धरलेलं फुफ्फुस फुगत नाही. हाच सिलिकोसिस. ह्याच्यावर औषध नाही. बहुतेक वेळा दहा-वीस वर्षांनी कळतो, आणि धूळ बंद केली तरी आत चालू राहू शकतो. वरून टीबी लागायची शक्यता वाढते, आणि आपल्याकडं टीबी इतका घरोघरी की सिलिकोसिसच्या माणसालाही कित्येकदा टीबी समजूनच गोळ्या सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९७ मध्येच ही श्वासात जाणारी गारेची धूळ पहिल्या गटात टाकलीय, पहिला गट म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की असलेल्या गोष्टींचा.

पाटीवरची पेन्सिल आठवते का? गुपचूप खायचो आपण. ती बनायची मध्य प्रदेशात मंदसौरला, आणि ती दगडातून कापणारे कितीतरी कामगार ऐन तरुणपणात ह्याच रोगानं गेले. गुजरातेत खंभातला अकीक घासून मणी करणाऱ्यांचंही तेच. ती कामं आपल्यापेक्षा कैक पटीनं धुळीची, हे मान्य, उगाच भीती घालायची नाही मला. हौसेनं आठवड्यातून दोन तास येणाऱ्या माणसानं घाबरून माती सोडावी असं ह्यात काही नाही. पण रोज बारा तास तिथंच असणारे आपण, आणि रोज तेच झाडणारी मावशी, आपलं गणित वेगळं.

गणितावरून आठवलं, हे एकदा करून बघा. अमेरिकेत २०१६ मध्ये कामगारांसाठी मर्यादा ठरवली, आठ तासांच्या सरासरीनं एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम. माझी ग्लेजची खोली दहा बाय पंधरा, उंची दहा फूट, म्हणजे जवळपास ४२ घनमीटर हवा. गुणाकार केला की येतात दोन मिलिग्रॅम. खसखशीचे पाच-सात दाणे तळहातावर घ्या, झालं तेवढं वजन. तेवढी बारीक गार त्या अख्ख्या खोलीच्या हवेत तरंगत राहिली की मर्यादा भरली. आणि आपण काय करतो, पन्नास किलोचं पोतं दातानं दोरा ओढून फोडतो अन् वरून धप्पकन टबात ओततो.

आता तुम्ही म्हणाल, कुंभार पिढ्यान्पिढ्या मातीतच जगले, त्यांना काय झालं? मीपण हेच म्हणायचो, आमच्या आबांचं नाव पुढं करून. आबा साठ वर्षं चाकावर होते. पण आबांचं काम अंगणात, लिंबाखाली, चारी बाजूंनी वारा. माती तळ्याची, त्यात लीद, राख, आणि सगळा कारभार ओल्या चिखलाचा. पावसाळ्यात आवा, म्हणजे उघड्यावरची भट्टी, बंद म्हणजे काम बंद. आपला स्टुडिओ म्हणजे शटरचं दुकान, एक खिडकी, तीपण पडद्यानं झाकलेली, बारा महिने चालू. आणि दुसरं, आबांना काही झालं नाही हे तरी मी कशावरून म्हणतो? आबा जन्मभर खोकायचे. घरात सगळे म्हणायचे बिडीनं, आई म्हणायची आव्याच्या धुरानं. एक्स-रे कोणीच काढला नाही. कुंभारानं खोकायचंच असतं असं धरून चाललो आम्ही.

आता मावशींचं सांगतो. हे लिहायला मला जड जातंय पण त्याच्याशिवाय पत्राला अर्थ नाही.

आमच्याकडं झाडलोटीला एक मावशी आहेत, पहिल्या वर्षापासून. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की पोरं गेल्याशिवाय झाडायचं नाही, धूळ उडते, फी भरून येतात लोक. मला वाटायचं मी किती काळजी घेतो बघा. सहाव्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचा खोकला काही केल्या जाईना, दोन महिने झाले, रात्री झोप नाही. एका दवाखान्यात गेल्या तर तिथं विचारलं काय काम करता, ह्या म्हणाल्या झाडझूड, तिथं लिहिलं धुळीची ॲलर्जी, सिरप दिलं, विषय संपला. कसली धूळ, कुठली धूळ, कोणी विचारलं नाही, आणि मावशींना तरी काय माहीत काय सांगायचं ते. मी संध्याकाळी म्हणालो, मावशी, तोंडाला दस्ती बांधत जा. तेव्हा त्या केरसुणी हातात धरूनच वळल्या अन् म्हणाल्या, "दादा, पोरं गेल्यावर झाडा म्हंता तुमी, त्यांच्या नाकात धूळ जाती म्हनून. मंग माझ्या नाकाला काय झाकण हाय का?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच काही.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडं गेलो, ते गोल गोल तिथंच काढले डॉक्टरांनी. एक्स-रेत काही निघालं नाही, पण ते म्हणाले सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, वर्षातून एकदा दाखवत जा, आणि कुठंही गेलात तरी "सिलिकाच्या धुळीत काम करते" हे वाक्य आधी सांगा. मावशींनी ते पाठ केलंय. तुमच्याकडच्या मावशींना, मदतनीस पोराला, आणि स्वतःलाही हे वाक्य शिकवा. फुकट आहे.

त्या दिवसापासून आमच्याकडं कोरडं झाडणं बंद. एवढंच माझं मुख्य मागणं आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

लगेच प्रश्न येणार पाण्याचा, मला माहीत आहे. आपला मराठवाडा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आपण बघितलंय, संभाजीनगरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायची सवय आहे, आणि हा माणूस म्हणतो रोज फरशी पुसा. तर बघा, नवीन पाणी लागतच नाही. माझ्याकडं ओळीनं तीन बादल्या आहेत. हात, अवजारं, स्पंज, सगळं पहिलीत धुवायचं, बाहेर नळावर नाही. रात्रभर ठेवली की माती तळाला बसते, सकाळी वरचं पाणी हलक्या हातानं दुसरीत, तसंच दुसरीतलं तिसरीत. तिसरीतलं पाणी फरशी पुसायला, तळाचा गाळ परत मातीत. नालीत काहीच जात नाही त्यामुळं पाइप तुंबायचेही बंद झाले, घरमालक खूश. पोछा मात्र काम झालं की त्याच बादलीत खळखळून घ्यायचा, नाहीतर तो वाळतो अन् उद्या त्यातूनच धूळ झडते. ही चूक मी महिनाभर केली.

आणि एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यात जास्त धूळ येते कुठून, तर ट्रिमिंगच्या, म्हणजे अर्धवट वाळलेलं भांडं चाकावर तासताना निघणाऱ्या छिलक्यांतून. चाकाखाली ते गोल गोल छिलके पडतात, ओलसर असतात तेव्हा चपलेला चिकटत पण नाहीत, म्हणून आपण म्हणतो उद्या बघू. उद्या ते वाळतात, दहा पोरं त्यावरून चालतात, अन् झालं पीठ तयार. तेच आदल्या दिवशी ओले असताना हातानं गोळा करून टबात टाकले तर दोन मिनिटांचं काम, वरून मातीपण वाचते. वाळलेल्या भांड्याला पॉलिश पेपर मारणंही बंद करा, ओल्या स्पंजानं तीच कड तशीच गुळगुळीत होते. ग्लेज कालवताना पाण्यात पावडर सोडायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, आणि सोडायचीही अलगद, पाण्याच्या जवळ हात नेऊन, मग भिजू द्यायची, लगेच ढवळायची घाई नको.

कूलरचं तर विसरलोच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं कूलरशिवाय बसवत नाही, खरंय. पण कूलरचं तोंड जर रॅककडं किंवा मातीच्या पोत्यांकडं असेल तर तो दिवसभर तुमच्यासाठी झाडतोय असं समजा. तोंड फिरवा, समोरची खिडकी उघडी ठेवा.

मास्कबद्दल थोडक्यात. दस्ती, ओढणी, पदर, सर्जिकल मास्क, ह्यातलं काहीही ह्या बारीक धुळीला नीट अडवत नाही, फवारणीला जाताना रुमाल बांधून जाण्यासारखंच आहे ते. एन-९५ चालतो, पण तोंडाला घट्ट बसला तर. दाढी असेल तर कडेनं हवा आत येते, तेव्हा दाढीवाल्या कलाकारांनो, तुमचं तुम्ही ठरवा काय ठेवायचं. आणि मास्क फक्त पोतं फोडताना-कालवताना, रोजच्या झाडण्याला परवानगी म्हणून नाही. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो जाड धूळ पिशवीत ठेवतो अन् बारीक मागून बाहेर फेकतो, बारीक धूळही अडवणारा हेपा फिल्टरवाला असेल तर गोष्ट वेगळी. ॲप्रन स्टुडिओतच ठेवायचा, घरी जाऊन त्याच कपड्यावर लेकरू कडेवर घ्यायचं नाही.

आता डबे.

आपल्या सगळ्यांच्या ग्लेजच्या खोलीत डब्यांची एक फळी असते. चहापावडरचा डबा, बिस्किटाची बरणी, लोणच्याचा जुना जार, आणि त्यात काय आहे ते फक्त मालकाच्या डोक्यात. तीन दिवाळ्यांपूर्वी मावशींची नात आली होती, आठ-नऊ वर्षांची. मी फोनवर होतो. तिनं लांबून विचारलं, काका, ही पांढरी रांगोळी घेऊ का, मी मान हलवली. फोन ठेवून बाहेर आलो तर उंबऱ्यात बसून चिमटीनं ठिपके टाकायलेली, नऊ-दहा टाकून झालेले. जवळ जाऊन डबा बघितला अन् पायाखालची जमीन सरकली, बेरियम कार्बोनेट. मातीवर पांढरं येऊ नये म्हणून आपण जे चिमूटभर वापरतो ते. उंदीर मारायला वापरलं जायचं हे, पोटात गेलं तर माणसालाही सोडत नाही. तिचे हात साबणानं तीनदा धुतले, नखं कापली, ठिपके ओल्या फडक्यानं पुसून घेतले. तिला काही झालं नाही. त्या रात्री बसून सगळ्या डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या, मोठ्या अक्षरात, जे विषारी त्यावर लाल रंगानं "विष" एवढंच. इंग्रजीत नाव अन् फॉर्म्युला लिहून उपयोग नाही, जिला वाचता यायला पाहिजे तिला तो वाचता येत नाही. आता ती फळी कुलपात असते. मँगनीज, क्रोम, निकेल, कॅडमियमचे लाल-पिवळे रंग, सगळे तिथंच. मँगनीजचा धूर तर भट्टी तापल्यावर निघतो अन् मेंदूवर जातो, वर्षानुवर्षं गेला तर हात थरथरायला लागतात. जास्त मँगनीजचं ग्लेज असेल तर भट्टीजवळ थांबायचंच नाही.

शिशाचं वेगळं सांगायला पाहिजे. मारुतीला लावतो तो शेंदूर, परंपरेनं तो म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि जुन्या बाजारात मिळायचं ते मुरदाडशिंग म्हणजेही शिसंच. कमी तापमानात आरशासारखी चमक येते शिशानं, म्हणून शेकडो वर्षं कुंभारांनी जगभर ते वापरलं, आणि १७०० मध्येच रामाझिनी नावाच्या इटलीतल्या वैद्यानं लिहून ठेवलं की शिसं हाताळणाऱ्या कुंभारांचे आधी हात थरथरतात, मग लुळे पडतात. तीनशे वर्षं झाली. मागच्या वर्षी मला एका व्यापाऱ्यानं बिनलेबलची फ्रिट, म्हणजे ग्लेजमध्ये घालायची काचेची पूड, दिली, म्हणाला चमक बघा अन् भाव बघा. मी विचारलं शिसं आहे का. तो म्हणाला, "सर, सगळेच वापरतात." म्हणजे आहे. परत केली.

आपले लोक चिनीमातीच्या बरणीत काय भरतात? लोणचं. वाडग्यात काय वाढतात? ताक, कढी, चिंचेचं सार. सगळं आंबट. आंबट शिशाला ग्लेजमधून ओढून काढतं, भांडं नीट भाजलेलं नसेल तर अजूनच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लेकरांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. काहीजण लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग उतरतो का बघतात. रंग उतरला तर भांडं बाद, हे ठीक, पण नाही उतरला म्हणून शिसं नाही असं ठरत नाही, त्याला रंगच नसतो. खरी तपासणी लॅबमध्ये होते, चार टक्के ॲसेटिक ॲसिड भरून चोवीस तास ठेवतात अन् त्यात किती उतरलं ते मोजतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे शिसं स्टुडिओत आणायचंच नाही. "शोपीससाठी वापरतो" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की तुमच्याकडून गेलेल्या शोपीसमध्ये घरी गेल्यावर कोणीतरी दाणे भरतंच.

भट्टीबद्दल लोक आधीच घाबरून असतात, म्हणून मी थोडंच लिहितो. भाजण्याची भीती सगळ्यांना, पण माझा जीव जायची वेळ आली होती ती न दिसणाऱ्या गोष्टीनं. पहिल्याच वर्षी, डिसेंबर, इलेक्ट्रिक भट्टी, बिस्क फायरिंग, म्हणजे ग्लेजच्या आधीची पहिली भाजणी. लाइट जाईल म्हणून मी भट्टीच्या बाजूलाच चटई टाकून झोपलो, थंडी म्हणून शटर बंद, खिडकी बंद. पहाटे उठलो तर डोकं फुटायलं, उलटी, पाय लटपट. मला वाटलं पित्त झालं, रात्रीची मिसळ बाधली. लिंबू-सोडा पिऊन दिवस काढला. कितीतरी नंतर कळलं की तो कार्बन मोनॉक्साइड असणार, मातीतला पालापाचोळा जळतो त्यातून तो निघतोच, विजेच्या भट्टीतूनसुद्धा, वास नाही, रंग नाही. अजून तासभर झोपलो असतो तर हे पत्र दुसऱ्या कोणाला लिहावं लागलं असतं. तेव्हा भट्टीच्या खोलीत झोपणं नाही, दोन बाजूंनी हवा पाहिजे, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. गॅसची भट्टी असेल तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणून खालीही झरोका पाहिजे, वरचा एक्झॉस्ट फॅन एकटा पुरत नाही. भोकातून आत बघताना वेल्डिंगचा चष्मा लावा, आतले न दिसणारे उष्णतेचे किरण वर्षानुवर्षं डोळ्यात गेले की मोतीबिंदू होऊ शकतो. भट्टीतलं पांढरं फायबर ब्लँकेट हातानं कुस्करू नका. बास.

शाळांसाठी वेगळं. गणपतीच्या आधी शाडूची कार्यशाळा आता सगळीकडं असते, चांगली गोष्ट आहे, मीपण घेतो. पण कोरडी शाडूची पावडर पोरांना वाटायची नाही, भिजवून मळलेले गोळे द्यायचे. दोनशे लेकरांनी एकदम हॉलमध्ये पावडर उधळली की बोअर मारताना उडते तसली धूळ होते, आणि मग शिपाईकाका खराटा घेऊन येतात. वाळलेल्या मूर्तीला पॉलिश पेपर घासायला लावू नका. रंगवताना ब्रशला टोक यावं म्हणून पोरं तो जिभेला लावतात, बघत राहा. बाराएक वर्षांखालच्या लेकरांच्या हातात कच्चं ग्लेज मी देत नाही, पालक रुसले तरी.

आपण गोरोबाकाकांच्या मुलखातली माणसं. चिखल तुडवताना पायाखाली लेकरू आलं आणि त्यांना कळलं नाही, ही गोष्ट तेरकडं लहानपणापासून ऐकतो आम्ही, आई सांगायची तेव्हा मी मध्येच उठून बाहेर जायचो, पुढचं ऐकवायचं नाही. गोरोबाकाका विठ्ठलात दंग होते, आणि त्यांचं लेकरू विठ्ठलानं परत दिलं. आपण रीलमध्ये दंग आहोत.

कायद्याचं म्हणाल तर १९४८ च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवायलाच पाहिजे अशा आजारांच्या यादीत होता. पण दोन-चार माणसांच्या आपल्या जागांना कारखाना कोण म्हणतो? आपल्याकडं कोणी इन्स्पेक्टर येणार नाही, येऊ नये अशी तुमची माझी सगळ्यांचीच इच्छा. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिलंय. मावशींचा वर्षाचा एक्स-रे आपल्या खिशातून काढायचा, नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी माती मळायच्या आधी दहा मिनिटं हे सगळं सांगायचं, आणि रील काढायचीच असेल तर ओल्या हाताची काढा, ओली मातीपण उन्हात चमकते की.

कोरडं झाडणं बंद केलं त्या दिवशी मी मावशींना म्हणालो, ती केरसुणी देऊन टाका कचऱ्याच्या गाडीत. त्या भडकल्याच. "लक्ष्मी असती ती, फेकत असतेत व्हय?" दिवाळीत तिलाच हळदी-कुंकू लावतो, मला काही बोलता आलं नाही. मग ती त्यांनी घरी नेली, अंगणात वापरतात, उघड्यावर. स्टुडिओत आता त्यांचंच राज्य आहे, चपला दाराबाहेर, छिलके दिसले तर नाव घेऊन ओरडतात, मलासुद्धा. मागच्या लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी पणत्या लावायला आलो तर पोछा धुऊन भिंतीला उभा करून ठेवलेला, अन् त्याच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यावर हळदी-कुंकवाची दोन बोटं ओढलेली.

तुमचाच,
तेरकडचा एक कुंभार